हॅलिफॅक्सचा ठोका

व्हर्नन क्रॅबट्रीच्या पुढच्या खोलीत बसायला एकच खुर्ची आहे. ती भिंतीला लागून नाही, खिडकीपाशीही नाही. खोलीच्या ऐन मध्यात ती गाभाऱ्यातल्या पिंडीसारखी एकटी असते, आणि चहूबाजूंनी स्पीकर तिच्याकडे तोंड करून उभे असतात. समोर तीन, मागे दोन आणि कोपऱ्यात खर्जासाठी एक भलंमोठं खोकं. व्हर्ननचं लग्न का झालं नाही, असं गल्लीत नव्यानं आलेल्या कोणी विचारलं, तर जुनी माणसं एवढंच सांगतात, "खुर्ची एकच होती."

एरवी माणूस नाकासमोर चालणारा. हॅलिफॅक्समधल्या एका घरकर्जाच्या कचेरीत त्याची उभी हयात गेली. ज्या घरात जन्मला त्याच घरात तो निवृत्त झाला. ही काळ्या पडलेल्या दगडाच्या घरांची एक चढती ओळ आहे. घरं अशी खेटून की एका घरात शिंक आली तर शेजारच्या घरातला रुमाल शोधतो. व्हर्ननला कुत्रा नाही, मोटार नाही, राजकीय मतं असली तर ती त्यानं कोणाला सांगितलेली नाहीत. त्याच्याविषयी सांगण्यासारखं एकच आहे: तो ऐकतो.

तो ऐकतो ते त्याच्या तरुणपणीचे रॉक अल्बम. तेव्हा ते दोन स्पीकरांपुरते, म्हणजे डाव्या-उजव्या कानापुरते बनवलेले होते. आता कंपन्या तळघरांतून त्यांच्या मूळ टेपा वर काढतात, एकेक वाद्य, एकेक गळा सुटा करतात, आणि कोणीतरी कुशल माणूस ते सगळं ऐकणाऱ्याच्या भोवती नव्यानं मांडतो. याला सराउंड रीमिक्स म्हणतात. काही जण हे काम पूजेसारखं करतात, काही जण आठवडी बाजारातल्या दुकानासारखं; जे आहे ते सगळं पुढे लावून ठेवायचं. कोणतं काम कोणत्या जातीचं, हे ठरवणारी एक जमात युरोपभर विखुरलेली आहे. बहुतेक पुरुष, बहुतेक पिकलेले, आणि निम्म्यांची कानाच्या दवाखान्यात ये-जा असलेली. या जमातीत क्रॅबट्रीचा शब्द प्रमाण मानला जातो. कंपन्यांनाही ते ठाऊक आहे. तो 'ठीक' म्हणाला की ओस्लोपासून लिस्बनपर्यंतचे लोक पाकीट उघडतात, आणि 'असो' म्हणाला की मिटतात.

त्याची मतं थोडक्यात असतात. एका गाजलेल्या रीमिक्सबद्दल त्यानं लिहिलं होतं, "व्हायोलिनं खोलीभर पसरली आहेत, पण सांडल्यासारखी." दुसऱ्याबद्दल, "गायक माझ्या मांडीवर बसून गात होता. आमची तशी ओळख नाही." ड्रम मागच्या स्पीकरांतून आलेले त्याला खपत नाहीत; ढोल वाजवणाऱ्याकडे पाठ करून कोणी बसतं का, असं तो विचारतो. गरगर फिरणाऱ्या गिटारीला तो 'जत्रेतला पाळणा' म्हणतो. पण कधीतरी, वर्षा-दोन वर्षांतून एकदा, असं काही ऐकायला मिळतं की तो नंतर बराच वेळ खुर्चीतून उठत नाही. त्या एका क्षणासाठी बाकीचं सगळं चाललेलं असतं. चर्चला तो जात नाही. त्याला गरज वाटत नाही.

महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी कॅल्डर खोऱ्यातले त्याच्यासारखेच चार-पाच जण नवा अल्बम जोखायला त्याच्याकडे जमतात. सराउंडमध्ये खरं ऐकू येतं ते मधल्या खुर्चीतच. हातभर सरकलात की निम्मा वाद्यवृंद भिंतीत जातो. म्हणून एकेकानं आत जाऊन ऐकायचं आणि बाकीच्यांनी मागच्या स्वयंपाकघरात बसून डुकराचं मांस भरून भाजलेला पोर्क पाय खायचा, असा रिवाज पडला. ऐकून आलेल्यानं न ऐकलेल्याशी त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. चेहराही करायचा नाही. हे सोवळं फार कडक असतं. एकदा ग्रीनवुड नावाचा एक सभासद बाहेर येऊन नुसता "हं" म्हणाला, तर त्याचा कौल बाद धरला. एरवी एकमेकांच्या सोबतीसाठी जमलेली ही माणसं सबंध दुपार गप्प बसून, एकेकटी ऐकून घरी जातात, आणि जाताना मनापासून म्हणतात की मजा आली.

या मंडळात क्लिफर्ड पिकल्स हा व्हर्ननचा सर्वांत जुना मित्र. आडनाव लोणच्याचं आणि माणूसही तसाच, वर्षानुवर्षं मुरलेला आणि आंबट. शाळेत दोघं एका बाकावर बसत. पिकल्सला व्हर्ननची सत्ता कधी पटली नाही आणि ती मोडावी असंही कधी वाटलं नाही.

आता ठोक्याबद्दल.

'टॅलो मेन' या बँडचा 'मिडविंटर फेरी' हा अल्बम ज्यांनी ऐकला नाही त्यांचं काही अडत नाही. ज्यांनी ऐकला त्यांचं मात्र त्याच्याशिवाय अडतं. त्याची दुसरी बाजू म्हणजे एकच लांबलचक गाणं. धुक्यात निघालेली एक नाव, वाढत जाणारं वादळ, आणि त्या वादळाबरोबर चढत जाणारा ऑर्गन. तो ऑर्गन इतका चढतो की आता छप्पर जाणार असं वाटतं. आणि तिथे सगळं एकदम थांबतं. पूर्ण शांतता. मग गायक एकटा, कसलीही साथ न घेता, शेवटचं कडवं म्हणतो.

त्या शांततेत एक ठोका आहे. लोखंडी, कोरडा, एकच.

तो पहिल्यांदा जगाच्या नजरेला आणला व्हर्ननने, इंटरनेट नवीन होतं तेव्हा. "शांततेतला ठोका नव्या डिस्कमध्ये मागे ढकलला आहे. हे बरं नव्हे," एवढंच त्यानं लिहिलं. आधी कोणालाच ठोका ऐकू आला नव्हता. मग एकाला आला. मग स्टुटगार्टच्या एका गृहस्थाला अगदी स्पष्ट आला, आणि त्यानंतर ज्याला तो येत नव्हता त्याच्या स्पीकरांची कीव केली जाऊ लागली. पिकल्सच्या मते तो किंचित डावीकडून येतो. कोणी म्हणे ड्रमवाल्याची काठी पडली, कोणी म्हणे गायकानं हातातला मग खाली ठेवला. शेवटी एका प्राध्यापकानं लांबलचक लेख लिहून सिद्ध केलं की तो नाव धक्क्याला लागल्याचा आवाज आहे आणि सबंध गाण्याचा अर्थ त्या एका ठोक्यात आहे. बँडच्या म्हाताऱ्या गायकाला एका मुलाखतीत याबद्दल विचारलं. त्याला त्या वर्षातलं फारसं काही आठवत नव्हतं, पण तो लगेच म्हणाला, "अर्थातच! नाव धक्क्याला लागते. तीच तर कल्पना होती." तेव्हापासून जमात त्याला 'हॅलिफॅक्सचा ठोका' म्हणते. व्हर्नन हे नाव स्वतः कधी घेत नाही. इतरांनी घेतलं तर थांबवतही नाही.

यंदा 'मिडविंटर फेरी'चा सराउंड रीमिक्स व्हायचा होता, आणि त्याची मांडणी करणारी बेथन प्रॉसर एका शनिवारी स्वतः कार्डिफहून व्हर्ननच्या दारात उभी राहिली. तिशी उलटलेली, उंच, पाठीवर पिशवी, बोलण्यात वेल्श हेल. कंपनीचं एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं.

"मिस्टर क्रॅबट्री, आधी तुम्ही ऐका," ती म्हणाली. "मग मला एक विचारायचंय."

"ऐकण्याआधी विचारलेलं आम्हाला चालत नाही," व्हर्नन म्हणाला.

"म्हणूनच नंतर विचारते."

पिकल्स स्वयंपाकघराच्या दारातून ओरडला, "पोरगी हुशार आहे रे. हिला पोर्क पायचा मोठा तुकडा द्या."

व्हर्नन आत जाऊन बसला. बेथननं खोलीचं निरीक्षण केलं. जिथे पूर्वी शेकोटी होती ती जागा बंद करून, तिच्या कोनाड्यात त्यानं मधला स्पीकर बसवलेला होता. तिनं मान डोलावली, यंत्र सुरू केलं आणि दार ओढून घेतलं.

पहिल्याच मिनिटात व्हर्ननला कळलं की हा वर्षा-दोन वर्षांतून एकदा येणारा प्रकार आहे. पाणी खालून आलं. ते कुठल्याच स्पीकरातून आलं नाही. सतरंजीच वर चढू लागल्यासारखं वाटलं. ड्रम समोर होते, जिथे असावेत तिथे, पण आता त्यांच्या मागे अंधार होता आणि त्या अंधाराला खोली होती. दोन गिटारी इतकी वर्षं एकीत एक मिसळून वाजत आल्या होत्या. त्या सुट्या होऊन एकमेकींकडे वळल्या आणि बोलू लागल्या, आणि त्या भांडत नव्हत्या, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा समजलं. ओळखीच्या घरात एक नवीन दार सापडावं तसं होत होतं, एकामागून एक. ऑर्गन चढला. व्हर्ननने खुर्चीचे हात धरले. ऑर्गन छपराला लागला, आणि सगळं थांबलं.

तो वाट पाहत राहिला.

गायक गाऊ लागला. ठोका आला नाही.

व्हर्नन स्वयंपाकघरात आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. सोवळं मोडून तो म्हणाला, "ठोका नाही."

पिकल्सच्या हातातला काटा तसाच राहिला. "नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही. काढून टाकलाय."

"काढलेला नाही," बेथन म्हणाली. "हेच विचारायचं होतं मला. मिस्टर क्रॅबट्री, मूळ टेपांवरचा प्रत्येक ट्रॅक मी एकेकटा ऐकला. ड्रमचा, ऑर्गनचा, गायकाचा, सगळे. त्या जागी ठोका कुठेच नाही. तुम्ही तो नक्की कुठे ऐकलात?"

"कुठे म्हणजे? गाण्यात."

"अहो, जगभर ऐकतात लोक!" पिकल्स उसळला. "माझ्या रेकॉर्डवर आहे. जरासा डावीकडे."

"कंपनीला ठाऊक आहे जगभर ऐकतात ते," बेथन म्हणाली. "ठोका नसेल तर डिस्क परत येतील म्हणून ते घाबरलेत. मला म्हणतात, सापडत नसेल तर घाल एक. ठोका तो ठोका. टेबलावर मार आणि ठेव उजवीकडे मागे." तिनं खुर्ची पुढे ओढली. "मिस्टर क्रॅबट्री, तुम्ही म्हणालात की तो आहे, तर मी घालीन. पण मग तो कायमचा राहील. यानंतर जो कोणी ऐकेल त्याला तोच खरा. म्हणून म्हटलं, आधी समोरासमोर विचारावं."

आपल्या शब्दाला वजन आहे हे व्हर्ननला ठाऊक होतं. ते असं उचलून आपल्याच हातात ठेवलं जाईल, याची त्याला कल्पना नव्हती.

"माझ्याकडे पुरावा आहे," तो शेवटी म्हणाला आणि जिना चढून वर गेला.

खाली आला तेव्हा त्याच्या हातात एक कॅसेट होती. तिची हकिकत अशी. तो शाळेत असताना त्याच्या मावसभावानं 'मिडविंटर फेरी'ची रेकॉर्ड त्याला शनिवार-रविवारपुरती उसनी दिली होती. विकत घ्यायची ऐपत नव्हती. तेव्हा पुढच्या खोलीत शेकोटीला लागून घरचा रेकॉर्ड-प्लेअर ठेवलेला असे. व्हर्ननने त्याच्या स्पीकरसमोर कॅसेट-रेकॉर्डरचा छोटा माइक टेकवला, रेकॉर्ड सुरू केली, आणि आपला श्वाससुद्धा टेपमध्ये जायला नको म्हणून दार लावून बाहेर जिन्यावर जाऊन बसला. आईला तंबी दिली होती की बशीसुद्धा वाजवायची नाही. पुढची कितीतरी वर्षं त्यानं हीच कॅसेट ऐकली. बसमध्ये, कचेरीच्या वाटेवर, वडील गेले त्या हिवाळ्यात. रेकॉर्ड विकत घेतली तोवर सबंध गाणं त्याच्या हाडांत गेलेलं होतं.

फडताळावरच्या जुन्या रेडिओ-कॅसेटमध्ये त्यानं ती घातली. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होता. ऑर्गन चढला, थांबला. आणि शांततेत ठण् असा ठोका पडला. लोखंडी, कोरडा, एकच.

"घ्या!" पिकल्सनं टेबलावर थाप मारली. "आता बोला!"

बेथन मात्र पुढे वाकली होती. "पुन्हा लावता?"

पुन्हा लावलं. मग तिनं आणखी एकदा लावायला सांगितलं. तिसऱ्या वेळी तिनं डोळे मिटले.

"मिस्टर क्रॅबट्री," ती अगदी हळू म्हणाली, जणू कोणाला जागं करायचं नव्हतं, "स्टुडिओ मोठा होता. चर्चचं जुनं सभागृह. ऑर्गनचा घुमारा किती लांब जातोय बघा. ठोक्याला मात्र घुमारा नाही. तो लहान खोलीतला आहे. गालिचा घातलेल्या खोलीतला."

व्हर्नन काही बोलणार तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि नोरीन सटक्लिफ आत आली. ही शेजारच्या घरात राहते. पंच्याऐंशी उलटून गेलेली. व्हर्ननच्या आईची जिवाभावाची मैत्रीण, आणि व्हर्ननला तो रांगत असल्यापासून ओळखणारी. त्याला बाळपणी झबल्यात मिरवल्याचं ती अजून चारचौघांत सांगते. मंडळ जमलं की ती काळ्या काकवीचा, आल्याचा पार्किन केक घेऊन येते, कारण नुसत्या पोर्क पायवर गडी माणसं जगत नाहीत, असं तिचं मत आहे.

"काय रे, कोणी मेलं का?" सगळ्यांचे चेहरे बघून तिनं विचारलं.

"मावशी, जरा थांबा. ऐकतोय आम्ही," व्हर्नन म्हणाला.

"तुम्ही कधी ऐकत नसता? भिंतीपलीकडून मीही ऐकतेच की. फुकट."

बेथननं तोवर कॅसेट मागे नेली होती. ऑर्गन, शांतता, ठण्.

नोरीनने केकची ताटली टेबलावर ठेवली. "अगंबाई," ती म्हणाली. "ही तर माझी सळई."

"कसली सळई?" पिकल्सनं विचारलं.

"शेकोटीची, कसली! क्लिफर्ड पिकल्स, तुझ्या आईनं कधी ठोकलं नाही शेकोटीच्या पाठीवर? आमची शेकोटी आणि यांची शेकोटी पाठीला पाठ. सळईनं एक ठोका दिला की याची आई, एडना, समजायची."

आता मंडळातल्या कोणालाच हे समजावून सांगायची गरज नव्हती. या ओळीतल्या सगळ्या बायका तसंच करत. तीन ठोके म्हणजे धावत ये, दोन म्हणजे पोराला घरी पाठव, आणि एक—

"एक म्हणजे चहा टाकलाय, ये," नोरीन म्हणाली. "रोज दुपारी."

व्हर्नन खुर्चीत बसला. "पण मावशी, बरोबर तिथेच? बरोबर त्या शांततेत?"

"मग कुठे ठोकू? तो धुडगूस चालू असताना एडनाला ऐकू गेलं असतं का? केव्हाची वाट बघत होते मी, हातात सळई घेऊन. उकळून उकळून चहाचा काढा झाला. मग एकदाचं थांबलं. म्हटलं, संपलं बाई." तिनं केक कापायला घेतला. "अन् तुझी आई आलीच नाही त्या दिवशी. नंतर म्हणाली, पोरानं हलू नको म्हणून सांगितलंय, बशीसुद्धा वाजवायची नाही. चांगलीच रुसले होते मी."

नोरीन केक कापत राहिली. ग्रीनवुड आढ्याकडे बघत होता. स्टुटगार्टचे गृहस्थ, लिस्बनचे, ओस्लोचे, प्राध्यापक आणि त्याचा लांबलचक लेख, आणि आपली कल्पना म्हणून तो ठोका मान्य करणारा म्हातारा गायक, ही सगळी मंडळी त्या लहानशा स्वयंपाकघरात येऊन दाटीवाटीनं उभी राहिल्यासारखी झाली.

"थांबा," पिकल्स म्हणाला. "माझ्या रेकॉर्डवर आहे तो. मी माझ्या कानांनी—" आणि तो गप्प झाला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "जरासा डावीकडे."

कोणी हसलं नाही. हसायचं तर तो ठोका आपल्या रेकॉर्डवर कधी ऐकलेला नसावा लागतो, आणि मंडळात असा एकही जण नव्हता.

"व्हर्नन, ऐक माझं," पिकल्स पुन्हा सरसावला. "घालू दे तिला. कोणाला काय कळतंय? इतकी वर्षं हजारो लोकांनी ऐकलाय, म्हणजे तो आहेच ना! नाव धक्क्याला लागते. छान आहे की. आणि आता तू सांगणार काय जगाला? की तो चहाचा निरोप होता? हसतील लेका, छी थू करतील. यापुढे तू चांगलं म्हणालास तरी विचारतील, शेजारणीला विचारलंस का?"

"तेही खरंच," ग्रीनवुड पुटपुटला.

सोमवारी बेथनला काम कंपनीच्या हवाली करायचं होतं, आणि ठोक्याशिवाय केलं तर पुढचं काम मिळेल की नाही सांगता येत नव्हतं. ती केकचा तुकडा हातात धरून नुसती व्हर्ननकडे पाहत होती.

"मला पुन्हा ऐकू दे," व्हर्नन म्हणाला. "सुरुवातीपासून नको. वादळापासून."

तो आत गेला आणि दार लावलं.

या वेळी त्यानं खुर्चीचे हात धरले नाहीत. ऑर्गन चढला, वाजवणाऱ्याच्या पावलांखालच्या लाकडी पट्ट्या दाबल्या जात होत्या, तेही खाली, डावीकडे, वेगळं ऐकू येत होतं. वादळ छपराला लागलं. थांबलं.

आयुष्यभर या जागी तो ठोक्याची वाट पाहत आला होता, आणि वाट पाहणाऱ्याला दुसरं काही ऐकू येत नाही. आता वाट पाहायला काही उरलं नव्हतं. ऑर्गन थांबला होता, पण त्याचा आवाज थांबला नव्हता. तो व्हर्ननच्या डोक्यावरून मागे निघाला, त्या जुन्या सभागृहाच्या लांबीभर गेला, मागच्या दगडी भिंतीला टेकला आणि परत फिरला, अंगातली सगळी धार टाकून, उबदार होऊन. कुठेतरी उजव्या हाताला झांजेची थरथर अजून चालू होती आणि मग कोणीतरी तिला बोटांनी हळूच धरलं. बोटं टेकल्याचं कळलं. मग माणसं ऐकू आली. ती काहीच करत नव्हती; काही न करणारी माणसं ऐकू येत होती. समोर चार जण, विशी नुकतीच ओलांडलेली पोरं, जागच्या जागी उभी, बुटांचा करकर आवाज होऊ नये म्हणून वजन एका पायावर तोललेली, आणि सगळ्यांनी मिळून श्वास धरलेला. आपण काहीतरी केलं आहे आणि ते अजून हवेत आहे, हे त्यांना ठाऊक होतं. ते मोडेल म्हणून ती घाबरली होती. व्हर्ननच्या लक्षात आलं की आपणही श्वास धरला आहे.

मग अगदी जवळून, कानापासून वीतभर अंतरावरून, एकानं श्वास सोडला आणि नवा घेतला. तो गायक होता. तो श्वास आत जाताना जरा कापला. आणि त्यानं गायला सुरुवात केली.

व्हर्नन कडवं संपेपर्यंत बसून राहिला. मग नंतरही. चष्मा काढून त्यानं स्वेटरच्या टोकानं पुसला. काचा स्वच्छच होत्या.

स्वयंपाकघरात येऊन तो सरळ बेथनला म्हणाला, "काही घालू नकोस."

"नक्की?"

"ती जागा रिकामी नाही. मी इतकी वर्षं तिच्यावर बसून होतो, म्हणून दिसली नाही." त्यानं केकची ताटली जरा बाजूला सारली. "कंपनीला सांग, क्रॅबट्री म्हणतो ठोका कधीच नव्हता. मी आज लिहितोच. स्टुटगार्टला वेगळं कळवीन, त्यांच्या मनाला लागेल."

"आणि कारण काय लिहिणार?" पिकल्सनं विचारलं. "सळई?"

"सळईच. दुसरं काय लिहू?"

"नाव घालू नकोस हो माझं," नोरीन म्हणाली. मग जरा विचार करून, "किंवा घाल. सटक्लिफमध्ये दोन एफ."

"तू वेडा आहेस," पिकल्स व्हर्ननला म्हणाला. तो खरोखर चिडला होता. मानेपर्यंत लाल झाला होता. "एवढं नाव कमावलंस आणि एका चहापायी घालवतोयस. काय आहे असं त्या शांततेत? शांततेत काय असायचंय?"

"तुझी पाळी आहे," व्हर्नन म्हणाला. "जा."

"जातोच. आणि ठोक्याशिवाय ते गाणं लंगडं वाटलं, तर मी तसं लिहीन. तुझ्या तोंडावर सांगतो."

"लिही."

पिकल्सनं तोंड पुसलं, पँट वर ओढली आणि फौजदारासारखा आत गेला. दार आपटलं. बाहेर मंडळी बसून राहिली. नोरीनने सगळ्यांना चहा दिला. वादळ आलं तेव्हा टेबलावरचे चमचे बशीत थरथरू लागले, आणि एकदम थरथरायचे थांबले. स्वयंपाकघरात कोणी कप उचलला नाही. भिंतीपलीकडून त्यांना काहीही ऐकू येत नव्हतं, आणि तरी कोणी उचलला नाही. मग लांबून, पुसट, एकट्या माणसाचं गाणं सुरू झालं.

ते संपलं. पिकल्स येईना. बेथन उठू लागली तर व्हर्ननने हातानंच तिला बस म्हटलं.

बऱ्याच वेळानं दाराची मूठ फिरली. पिकल्स बाहेर आला आणि मागे वळून दोन्ही हातांनी दार ओढून घेऊ लागला, आत कोणी झोपलं असावं इतकं सावकाश, कडी बसेपर्यंत. मग आपल्या जागेवर येऊन बसला. थंड झालेला चहा त्यानं एका घोटात संपवला.

"ग्रीनवुड," पिकल्स शेवटी घसा साफ करून म्हणाला, "तू जा आता. आणि लेका, बूट काढून जा."

ग्रीनवुड खाली वाकून नाड्या सोडू लागला.